आईचा फोन, घरचा राउटर आणि जाहिराती

मागच्या गणपतीत कराडला गेले होते. त्याआधी चार दिवस आईचा फोन लागत नव्हता, बाबांच्या फोनवर बोलणं व्हायचं म्हणून मी फार मनावर घेतलं नव्हतं, पण घरी पोचल्यावर चहा घेता घेता विचारलं तर आई उठली, कपाट उघडलं आणि साड्यांच्या घडीखालून फोन काढून माझ्या हातात दिला. बंद करून ठेवलेला. "बघ गं जरा, याच्यात व्हायरस शिरलाय, सारखा सांगतोय. पेन्शनचं खातं आहे ना याच्यात, म्हणून मी हातच लावला नाही."

फोन सुरू केला आणि वरची पट्टी खाली ओढली तर सूचनांची रांगच लागलेली. लाल त्रिकोण, लाल घंटा, उद्गारचिन्हं. "तुमचा फोन १३ व्हायरसने संक्रमित आहे." "बॅटरी खराब होत आहे, आत्ता साफ करा." एकावर तर चक्क बँकेसारखं दिसणारं निळं चिन्ह होतं आणि खाली "खाते बंद होण्याची शक्यता" असं. यातली एकही सूचना फोनची नव्हती, सगळ्याच्या सगळ्या जाहिराती. आणि आईने घाबरून त्यातल्या दोन-तीन दाबल्या होत्या, त्यातून फोन साफ करायची म्हणून दोन अ‍ॅप आत आली होती, त्यातलं एक फोन उघडला की दरवेळी पूर्ण स्क्रीनभर जाहिरात दाखवायचं आणि बंद करायची फुली इतकी बारीक की चष्मा लावूनही आईला दिसायची नाही.

"मी काही केलं नाही गं, नुसती अळूवडीची रेसिपी बघत होते," असं ती तीनदा म्हणाली. ६८ वर्षांची बाई, आयुष्यभर शाळेत शिकवलं, आणि स्वतःच्या घरात स्वतःच्या फोनबद्दल अपराध्यासारखं बोलत होती. मला त्याचा जो राग आला ना तो अजून गेलेला नाही, आणि ही पोस्ट त्यासाठीच लिहितेय. अ‍ॅडब्लॉक वगैरे, म्हणजे जाहिराती अडवणारी सॉफ्टवेअर, म्हटलं की लोकांना वाटतं ही कॉम्प्युटरवाल्या पोरांची हौस, पण माझं आता ठाम मत झालंय की याची सगळ्यात जास्त गरज आपल्या आईवडिलांच्या फोनला आहे. आपल्याला जाहिरात कुठली आणि खरं बटण कुठलं ते सवयीने कळतं, त्यांना नाही कळत, आणि जाहिरात बनवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

तर आधी काय झालं होतं ते सांगते, कारण हे अर्ध्या महाराष्ट्रातल्या आयांच्या फोनवर झालेलं असणार. रेसिपीच्या कुठल्यातरी साइटवर एक चौकोन आला, "पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा". आईला पुढे जायचं होतं, तिने दाबलं. ते अलाउ म्हणजे त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी. मग क्रोम बंद असलं तरी ती साइट आपली वरच्या पट्टीत वाट्टेल ते टाकत राहते. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, तिथे गेले तर नावंही धड वाचता येणार नाहीत अशा साइटची यादीच होती. एकेक करून काढल्या आणि मग वरचं मुख्य बटणच बंद केलं म्हणजे यापुढे कुठलीच साइट विचारणारसुद्धा नाही. आईला एकाही वेबसाइटची सूचना यायची गरज नाही. तुमच्याही आईला नाही.

पूर्ण स्क्रीनवाल्या जाहिरातीचं मूळ शोधायला जरा वेळ लागला. युक्ती अशी की जाहिरात समोर असतानाच खालचं चौकोनी बटण दाबायचं, आत्ता उघडी असलेली अ‍ॅप दिसतात ते, तिथे ती जाहिरात कुठल्या अ‍ॅपच्या नावाने आलीय ते दिसतं. ते अ‍ॅप उडवायचं. आणि सेटिंग्जमध्ये "डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स" असं शोधायचं आणि ज्याला गरज नाही त्या प्रत्येकाची परवानगी काढायची. टॉर्चच्या अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या डोक्यावर चढून बसायची काय गरज आहे?

एवढं झालं आणि मग मी ठरवलं की आता दोन्ही घरांतलं एकूण एक यंत्र बघायचं. कराडला आई-बाबांचे दोन फोन आणि टीव्ही, पुण्याला आमचे दोन लॅपटॉप, माझा अँड्रॉइड, नवऱ्याचा आयफोन, मुलाचा टॅब आणि टीव्ही. 

फोनसाठी सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त फायद्याचा उपाय म्हणजे प्रायव्हेट डीएनएस. मराठीत फोन असेल तर "खाजगी डीएनएस" असं दिसतं. अँड्रॉइड ९ पासून म्हणजे २०१८ नंतरच्या बहुतेक फोनमध्ये हे आहे, कुठलंही अ‍ॅप घालायला लागत नाही आणि एक पैसा लागत नाही. डीएनएस म्हणजे काय तर आपण नवीन गावात गेलो की गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याला विचारतो ना, अमुकतमुक कुठे राहतात, तसं आपला फोन कुठल्याही साइटवर जायच्या आधी कुणालातरी विचारतो की बाबा हे नाव राहतं कुठे. हा जो पत्ता सांगणारा आहे तो सहसा आपल्या नेटवाल्या कंपनीचा असतो आणि तो सगळ्यांचे पत्ते सांगतो, चांगल्याचे पण आणि जाहिरातवाल्यांचे पण. आपण फक्त पानवाला बदलायचा. असा बघायचा की ज्याच्याकडे जाहिरातवाल्यांची यादी आहे आणि त्यांचं नाव निघालं की तो म्हणतो "असं कोणी इथे राहत नाही". संपलं. फोन तिथे जातच नाही, जाहिरात उतरतच नाही, त्यामुळे डेटा पण वाचतो आणि जुना फोन जरा पळायला लागतो.

करायचं असं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत प्रायव्हेट डीएनएस टाका, कारण प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या ठिकाणी लपवलेलं असतं. उघडलं की तीन पर्याय येतात, त्यातला शेवटचा, प्रोव्हायडरचं होस्टनेम विचारतो तो घ्यायचा, आणि त्यात डीएनएस.अ‍ॅडगार्ड-डीएनएस.कॉम असं इंग्रजी अक्षरांत टाकायचं, सगळं स्मॉल, मध्ये स्पेस नाही, मधली ती आडवी रेघ विसरायची नाही. सेव्ह. घरात लहान मूल असेल तर सुरुवातीच्या डीएनएसच्या जागी फॅमिली लिहायचं, मग अश्लील साइट पण अडतात. फोन वायफायवर असो की मोबाइल डेटावर, दोन्हीकडे चालतं, म्हणजे आई एसटीत बसली तरी चालतं.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या. पत्ता सांगणाऱ्याला आपण कुठे कुठे जातो हे कळतं. साइटच्या आत काय वाचलं ते नाही, पण नाव कळतं. म्हणजे विश्वास आपण नेटवाल्याकडून काढून दुसऱ्या कुणावर टाकतोय. अ‍ॅडगार्ड ही सायप्रसमधली कंपनी आहे, बरीच वर्षं हेच काम करतेय, मला ती चालते. ज्यांना जास्त ताबा हवा त्यांनी नेक्स्टडीएनएस बघा, त्यात नोंद ठेवायची की नाही ते आपण ठरवतो, कुठल्या याद्या लावायच्या ते पण, आणि महिन्याला ३ लाख विचारणांपर्यंत फुकट आहे. माझ्या स्वतःच्या फोनवर तेच आहे.

बाबांच्या फोनवर हे केलं तेव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. बाबा रोज सकाळी पंचांगाचं एक अ‍ॅप बघतात, त्याच्या खाली कायम एक पट्टी हलत असायची आणि तिथी बघायला दाबलं की आधी रमीची जाहिरात. डीएनएस टाकला, अ‍ॅप उघडलं, खालची पट्टी रिकामी पांढरी, तिथी सरळ समोर. बाबांनी दोन-तीनदा पुढचे मागचे दिवस फिरवून बघितले आणि मग मला म्हणाले, "हे बरोबर आहे का पण? त्यांना पैसे कुठून मिळणार?"

आता बाबांनी असं विचारणं साहजिक आहे, त्यांची ३१ वर्षं छापखान्यात गेली. कराडमधलं एक साप्ताहिक तिथे छापलं जायचं, दिवाळीला विशेषांक निघायचा, आणि जाहिरातींशिवाय अंक निघूच शकत नाही हे त्यांनी स्वतः बघितलंय. दसऱ्यापासून सायकलवर दुकानं फिरायची, अर्ध पान कुणाचं, पाव पान कुणाचं. मी काहीतरी उत्तर द्यायला गेले, तर तेच थोडा वेळ फोनकडे बघून म्हणाले, "आम्ही जाहिरात छापायचो ना, तर खाली दुकानाचं नाव, पत्ता, प्रोप्रायटर कोण, सगळं असायचं. गिऱ्हाईक फसलं तर दुकानात जाऊन भांडायचं. तुझ्या आईला ती व्हायरसची जाहिरात दाखवली ती कुणाची होती, सांग बरं."

मला सांगता येईना. आणि गंमत म्हणजे ज्या साइटवर ती दिसली त्या साइटवाल्यालाही सांगता आलं नसतं. कारण हल्ली बहुतेक जाहिराती साइटवाला स्वतः लावत नाही. आपण पान उघडलं की पान पूर्ण दिसायच्या आतच त्या मोकळ्या जागेचा लिलाव होतो, फोन कुठला, साधारण गाव कुठलं, काय वाचताय, आधी काय काय बघितलं, ही माहिती एकदम खूप कंपन्यांकडे जाते, जो जास्त बोली लावेल त्याची जाहिरात झळकते. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं. त्यात कोण शिरला हे कुणी डोळ्याने बघत नाही. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीसारख्या मोठ्या साइटवरच्या जाहिरातींतून सुद्धा लोकांचे कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरवलं गेलं होतं, त्या साइटचा त्यात काहीच हात नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये तर अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना जाहीरपणे सांगितलं की सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातींतून नामांकित कंपन्यांच्या नावाने फसवणूक चाललीय, तेव्हा अ‍ॅड ब्लॉकर वापरा. पोलिस सांगतायत, अजून काय पाहिजे.

आपल्याकडेही नियम आहेत बरं का. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवून हवं ते करायला लावणाऱ्या मांडणीबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात फसवणुकीचे १३ प्रकार दिलेत, त्यात जाहिरात आहे हे लपवून ती बातमी किंवा मजकूर असल्यासारखी दाखवणं, उगीच घाई लावणं, एकच गोष्ट सारखी सारखी विचारून भंडावून सोडणं हे सगळं आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करता येते. आणि पैसे गेले असतील तर एक मिनिट न घालवता १९३०, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पण आईच्या फोनवर लाल घंटा वाजवणाऱ्याचं नाव-गावच माहीत नाही तर तक्रार कुणाविरुद्ध करणार, म्हणून दार आपणच लावून घ्यायचं.

लॅपटॉपवर काय करायचं ते सांगते. फायरफॉक्स हा ब्राउझर घ्या आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, घाला. रेमंड हिल नावाच्या माणसाने २०१४ पासून हे चालवलंय, फुकट आहे, आणि तो देणगीसुद्धा घेत नाही. नाव नीट बघून घ्या, ओरिजिन हा शब्द पाहिजेच, कारण नुसतं युब्लॉक नावाचं वेगळंच एक आहे आणि त्याचा याच्याशी आता काही संबंध नाही. काही ब्लॉकर जाहिरातवाल्यांकडून पैसे घेऊन "बऱ्या" जाहिराती सोडतात, याच्यात तसं काही नाही. क्रोममध्ये हे आधी चालायचं, पण गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात त्याला, आणि २०२४ च्या अखेरीपासून पुढे क्रोममध्ये मूळचं युब्लॉक ओरिजिन बंद होत गेलं. आता तिथे त्याचं लाइट रूप मिळतं, ते काहीच नसण्यापेक्षा खूप बरं, पण पूर्ण ताकद फायरफॉक्समध्येच.

आणि मराठी-हिंदी साइट वाचणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, जी मला खूप उशिरा कळली. युब्लॉक ओरिजिनच्या डॅशबोर्डमध्ये फिल्टर लिस्टचं पान आहे, त्यात खाली देशांप्रमाणे आणि भाषांप्रमाणे याद्या आहेत, त्यात इंडियनलिस्ट म्हणून आहे. त्याच्यावर टिक करून वर अप्लाय दाबा. मूळ यादी इंग्रजी साइट डोळ्यासमोर ठेवून केलेली असते, आपल्याकडच्या बातम्यांच्या साइटवरचं बरंच काही तिच्यातून निसटतं, ही यादी लावली की फरक दिसतो. त्यातूनही काही उरलंच, म्हणजे ते अर्धी स्क्रीन खाणारं "आमचं अ‍ॅप डाउनलोड करा", तर युब्लॉकच्या चिन्हावर दाबून ड्रॉपरचं बटण घ्यायचं, त्या वस्तूवर ठेवायचं, क्रिएट म्हणायचं, ती वस्तू पुन्हा दिसत नाही. मला यात फार समाधान मिळतं, अंगणातलं गवत उपटल्यासारखं.

अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्ये पण हेच युब्लॉक ओरिजिन चालतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. आईच्या फोनवर मी क्रोमचं चिन्ह होमवरून काढलं आणि तिथेच फायरफॉक्सचं ठेवलं, म्हटलं आता इथून रेसिपी बघायची, कोल्हा दिसतो ना तो. आई त्याला कोल्हाच म्हणते. आयफोनचं थोडक्यात सांगते, सफारीसाठी युब्लॉक ओरिजिन लाइट आता अ‍ॅप स्टोअरवर आहे, आणि कुठलंही अ‍ॅप ट्रॅक करू का म्हणून विचारेल तेव्हा नाही म्हणायचं. अँड्रॉइडवाल्यांनी सेटिंग्जमध्ये गूगल, मग अ‍ॅड्स, तिथे जाऊन जाहिरातीचा आयडी, जाहिरातवाले ज्यावरून फोन ओळखतात तो, डिलीट करून टाका, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता पुण्याच्या घरची गोष्ट. नवऱ्याकडे एक जुनं रास्पबेरी पाय पडलेलं होतं, पत्त्याच्या कॅटएवढा छोटा कॉम्प्युटर असतो तो, त्याच्यावर पाय-होल नावाचं सॉफ्टवेअर घातलं. हा म्हणजे घरातच बसवलेला पानवाला. राउटरला सांगायचं की घरातल्या प्रत्येकाने पत्ता यालाच विचारायचा. मग टीव्हीला, टॅबला वेगळं काही करावं लागत नाही, पाहुणा आला आणि वायफायवर जोडला तरी त्याच्या पण जाहिराती कमी.

पहिल्या रात्री आम्ही दोघं त्याची नोंद बघत बसलो होतो. टीव्ही बंद होता, म्हणजे रिमोटने बंद, तो लाल ठिपका चालू असतो तसा. आणि नोंदीत टीव्हीच्या नावाने ओळीमागून ओळ येत होती. एक अडवली की थोड्या वेळाने परत तीच, परत तीच. घरात बाकी सगळं शांत आणि भिंतीवरचा टीव्ही कुणालातरी सारखा निरोप द्यायला बघतोय. बऱ्याच स्मार्ट टीव्हीत स्क्रीनवर काय चाललंय ते ओळखून टीव्हीच्या कंपनीला कळवायची सोय असते, सेट टॉप बॉक्समधून बघितलं तरी. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीला लोकांची परवानगी न घेता असं केल्याबद्दल २२ लाख डॉलर भरावे लागले होते. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन "व्ह्यूइंग इन्फर्मेशन" किंवा तसं काही दिसलं की बंद करा, टीव्ही घेताना सगळ्याला अ‍ॅग्री अ‍ॅग्री केलेलं असतं आपण.

पण पाय-होल लावून सुद्धा लॅपटॉपवर आणि टॅबवर निम्म्या जाहिराती येतच होत्या आणि दोन संध्याकाळी आम्ही डोकं खाजवत होतो. शेवटी सापडलं ते आयपीव्ही६. राउटर जुन्या पद्धतीच्या पत्त्यासाठी पाय-होलकडे पाठवत होता, पण नव्या पद्धतीच्या म्हणजे आयपीव्ही६ च्या रस्त्याने नेट कंपनीचाच डीएनएस वाटत होता, आणि यंत्रं मनाला येईल तो रस्ता धरत होती. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. आपल्याकडे हल्ली बरेच नेटवाले आयपीव्ही६ देतात म्हणून हे मुद्दाम लिहितेय, कुठल्याही परदेशी व्हिडिओत हे पटकन सांगत नाहीत. राउटरमध्ये आयपीव्ही६ चा डीएनएस बदलता आला तर बदला, आमच्या राउटरमध्ये ती सोयच नव्हती म्हणून घरातल्या नेटवर्कपुरतं आयपीव्ही६ बंद केलं, काही बिघडलं नाही.

दुसरी अडचण आपल्याकडची म्हणजे लाइट. जूनमध्ये पहिल्या वळवात दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि त्या झटक्यात पाय-होलचं मेमरी कार्ड खराब झालं. मी ऑफिसात, नवरा घरून मीटिंगमध्ये, मुलाचा ऑनलाइन क्लास, आणि घरात नेट असून नसल्यासारखं, कारण पत्ता सांगणाराच गायब. नवऱ्याने तात्पुरता राउटरचा डीएनएस बदलून वेळ मारून नेली. मग राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस आणला आणि दोन्ही त्याच्यावर टाकले, जोडीला एक कार्ड सगळं भरून तयार ठेवलंय. तुमच्याकडे लाइट जात असेल तर यूपीएसशिवाय हे करू नका.

म्हणून कराडला पाय-होल लावलं नाही. आई-बाबांच्या घरात असं काही ठेवायचं नाही जे बंद पडलं तर मला पुण्याहून यावं लागेल. तिथे नुसतं राउटरमध्ये अ‍ॅडगार्डचे दोन आकडे टाकले, ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५, टीव्हीसाठी तेवढं पुरतं. राउटरचा पासवर्ड नेटवाल्या दादांकडे होता, त्यांना फोन केला तर आधी म्हणाले ताई कशाला हात लावताय, मग काय करायचंय ते सांगितल्यावर स्वतः आले आणि त्यांनी स्वतःच्या घरी पण केलं.

काय काय अडतं ते पण सांगायला हवं. सर्चमध्ये सगळ्यात वर प्रायोजित म्हणून जे येतं ते दाबलं की उघडत नाही. आईचा पहिल्या आठवड्यात फोन, "अगं वरचं उघडतच नाही." म्हटलं वरचं सोडायचं, खाली जायचं. बँकेचं कस्टमर केअर, गॅसवाल्यांचा नंबर, कुरियरचा नंबर शोधताना लोक जे फसतात त्यात वरच्या पैसे देऊन लावलेल्या खोट्या लिंकाही असतात, त्यामुळे ते उघडत नाही याचा मला आनंदच आहे. मुलाच्या गेममध्ये "जाहिरात बघा आणि नाणी मिळवा" होतं ते बंद पडलं, दोन दिवस रुसवा झाला, मग तो गेम पैसे देऊन घेतला. एखाद्या दुकानाच्या मेसेजमधली लिंक उघडत नाही, तेव्हा प्रायव्हेट डीएनएस दोन मिनिटं ऑफ करायचा आणि परत लावायचा. स्टेशनवरच्या फुकट वायफायचं लॉगिनचं पान पण कधीकधी अडतं, तेव्हाही तेच.

यूट्यूबच्या जाहिराती डीएनएसने जात नाहीत, हे आधीच सांगते म्हणजे कुणी निराश होणार नाही. व्हिडिओ आणि जाहिरात दोन्ही एकाच घरातून येतात, पत्ता अडवला तर व्हिडिओ पण अडेल. आम्ही त्याचा पैसे भरून मिळणारा बिनजाहिरातीचा प्लॅन घेतला, आई-बाबा दिवसभर कीर्तनं आणि जुनी नाटकं बघतात, कीर्तनाच्या मध्ये सट्ट्याची जाहिरात मला नको होती. पण कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर "जाहिरातीशिवाय यूट्यूब" म्हणून एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप घालायची फाइल, पाठवली तर ती घालू नका, हात जोडून सांगते, त्यात गूगलचं लॉगिन टाकावं लागतं आणि ते कुणाच्या हातात जातं कुणास ठाऊक. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या त्या वाहतुकीच्या ई-चलनाच्या आणि लग्नपत्रिकेच्या एपीके फाइलींपासून हा डीएनएस वाचवेलच असं धरून चालू नका. तिथे आई-बाबांना बसून सांगावंच लागतं.

राहिला बाबांचा प्रश्न, पैसे कुठून मिळणार. तो मला सोडत नव्हता कारण मराठीत नेटवर लिहिणारे मुळात थोडे आणि त्यातल्या कितीतरी जणांचा होस्टिंगचा खर्च या जाहिरातींतूनच निघतो. मी असं केलंय की ज्या चार-पाच मराठी साइट मी नेमाने वाचते आणि ज्यांच्यावर जाहिराती अंगावर येत नाहीत त्यांना युब्लॉकमध्ये सूट दिलीय, त्यांच्या पानावर जाऊन ते निळं पॉवरचं बटण दाबलं की झालं. दोघांची वर्गणी भरलीय. पंचांगवाल्यांचं पैसे भरून जाहिराती काढायचं रूप होतं ते बाबांना घेऊन दिलं, वर्षाचे पैसे एका कॅलेंडरएवढेच होते.

दिवाळीला परत गेले तेव्हा बाबा ओसरीवर फोन घेऊन बसले होते, त्यांच्या जुन्या साप्ताहिकाची आता साइट आहे ती वाचत. मला हाक मारली. "तू तर सगळं बंद केलं होतंस. मग ही कशी दिसतेय?" बघितलं तर बातम्यांच्या शेजारी चौकोनात एका भांड्यांच्या दुकानाची जाहिरात, साधं चित्र, दुकानाचं नाव, शनिवार पेठेतला पत्ता, फोन नंबर, खाली प्रोप्रायटरचं नाव. साप्ताहिकवाल्यांनी ते चित्र स्वतःच्याच साइटवर ठेवलेलं, लिलाव नाही, तिसरा कुणी नाही, आणि ते त्यांच्याच घरातून येत असल्यामुळे डीएनएसला त्यात अडवण्यासारखं काही नव्हतंच. मी बाबांना तसं सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून प्रोप्रायटरचं नाव वाचलं, म्हणाले याच्या वडिलांची पाव पानाची जाहिरात दरवर्षी मीच आणायचो, आणि संध्याकाळी जाऊन तिथूनच आईला मिक्सरचं भांडं घेऊन आले.